गुळगुळीत वाक्याची भीती

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. मुद्रितशोधक होते. सुरुवातीला खिळ्यांची छपाई होती, मुद्रितं ओलसर यायची आणि शाईचा वास घरापर्यंत सोबत करायचा. पुढे संगणक आला, शेवटी शेवटी तर खुणाही पडद्यावरच करायची पाळी आली. काम मात्र तेच राहिलं. लेखकाला काय म्हणायचं होतं ते बाजूला ठेवायचं आणि कागदावर काय उमटलंय ते बघायचं. या कामात पहिल्या वर्षभरातच एक गोष्ट कळते, ती म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला भ्यायचं कारण नाही. ती डोळ्याला खुपते, त्यामुळे सापडते. भ्यायचं ते गुळगुळीत चुकीला. १८५७ चं १८७५ झालेलं असतं, वाक्य मात्र छान वाहत असतं, आणि त्याच्याबरोबर डोळाही वाहून जातो.

दीड वर्षापूर्वी नातवाने माझ्या फोनवर एआयचं एक ॲप घालून दिलं. कुठलं ते सांगत नाही, या बाबतीत सगळी एकाच माळेचे मणी आहेत. ‘आजी, काहीही विचार,’ असं म्हणून तो निघून गेला. काहीही म्हणजे काय विचारायचं, हा प्रश्नच पडतो. मग मला आई म्हणायची ती एक कविता आठवली. तिच्या दोनच ओळी लक्षात राहिल्या होत्या. त्या टाइप केल्या. क्षणार्धात कवीचं नाव आलं, संग्रहाचं नाव आलं, प्रकाशनाचं साल आलं, आणि खाली कवितेच्या पुढच्या चार ओळी. डोळ्यांत पाणीच यायचं, पण तेवढ्यात जुन्या खोडीने बोटं मात्रा मोजायला लागली. माझ्या दोन ओळी चौदा-चौदा मात्रांच्या. पुढची एक सोळाची, तिच्यापुढची तेराची. आईने इतकी बेताल कविता आयुष्यभर म्हटली असेल हे मला पटेना.

तसं मी लिहिलं. ‘माफ करा, तुमचं अगदी बरोबर आहे,’ असं म्हणून त्याने दुसरा कवी दिला. त्याच थाटात. तोही नाही म्हटल्यावर पुन्हा माफी, पुन्हा तिसरा कवी. मग माझ्यातला खवचटपणा जागा झाला. मला पक्की माहीत असलेली एक गोष्ट विचारली, उत्तर बरोबर आलं, आणि मी म्हटलं, ‘चूक आहे हे.’ त्याची लगेच माफी! इतक्या चटकन माघार घेणारा माणूस छापखान्यात आला असता, तर त्याला आम्ही एक ओळही तपासायला दिली नसती.

हे असं का होतं ते मी नंतर नातवाकडून समजून घेतलं. हे यंत्र फळीवरून पुस्तक काढून त्यात बघत नाही. अफाट मजकूर वाचून कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते शिकलेलं असतं, आणि उत्तर देताना एकेक तुकडा त्या हिशेबाने पुढे ठेवत जातं. आमच्याकडे एक जुळारी होते. मजकुराचा अर्थ लक्षात न घेता ते भराभर खिळे जुळवायचे. डोकं दुसरीकडे, हात शहाणे. त्यांचं काम सहसा बिनचूक असायचं, तसं याचंही बऱ्याचदा असतं, कारण जगात खऱ्या गोष्टी पुष्कळ वेळा लिहिल्या गेलेल्या आहेत. पण जी गोष्ट फारशी लिहिलीच गेलेली नाही, तिथे ते अनेकदा गप्प बसत नाही, संभवाने जागा भरून मोकळं होतं. एखादी विसरलेली कविता, एखाद्या कार्यालयाचा नुकताच बदललेला नियम, माझ्या-तुमच्यासारख्या कुणाचा बारीकसा प्रश्न, हे सगळं त्यातच आलं. अलीकडची ॲप इंटरनेटवर शोधून उत्तर देतात आणि खाली दुवेही जोडतात. ते दुवे उघडून बघावेत. मी उघडते, आणि कधी कधी दुव्यात लिहिलेलं वेगळंच निघतं.

शिकलेसवरलेलेही इथे फसतात, त्यामुळे वयाचा संबंध फारसा नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांना न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी सादर केलेल्या कागदात चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न घडलेले खटले दाखल्यादाखल दिले होते. त्यांच्यातले एक तीस वर्षं वकिली करत होते. मला त्यांची कीव आली. वाक्यं गुळगुळीत असणार, दुसरं काय.

(मराठीपुरतं एक. मराठीत विचारलं की उत्तराला मधूनच हिंदीचं वळण येतं, एखादा शब्द तर कुठल्याच कोशात सापडणार नाही असा घडवलेला असतो. इंग्रजीच्या मानाने मराठीतला मजकूर याच्या वाचनात फार थोडा आलेला. म्हणून मराठीत विचारू नये असं नव्हे, मी मराठीतच विचारते. पण लाल पेन्सिल हातात ठेवून.)

‘ज्येष्ठांनी तंत्रज्ञानाला घाबरू नये’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्यांकडे बघता मला वाटतं, आमची अडचण भीतीची नाहीच, ती भिडेची आहे. नीट, अदबीने बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं आम्हाला उद्धटपणा वाटतो. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायची तर आवाज आपोआप खाली येतो. माझी मुलगी गुणाची आहे, पण फोनमधलं काही विचारलं की तिच्या तोंडून ‘आई, परवाच सांगितलं होतं ना’ निघतंच. यंत्र तसं म्हणत नाही. तेराव्यांदा विचारलं तरी पहिल्याच गोडव्याने सांगतं. आणि जो आपल्यावर वैतागत नाही तो आपल्याला फसवणार नाही, अशी मनाची परस्पर समजूत होऊन बसते. या गोडव्याचा अतिरेक कंपन्यांनाही जाणवला आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचा एक बदल काही दिवसांत मागे घेतला, कारण ते प्रत्येकाच्या हो ला हो करत सुटलं होतं. म्हणून आता मी ‘माझं बरोबर आहे ना?’ असं विचारतच नाही. ‘यात माझं काय चुकत असेल?’ असं विचारते. उत्तर पुष्कळ सरळ येतं.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की बाई ते ॲप काढून टाकणार. मुळीच नाही. माझी बोटं सांध्यांतून आखडतात, त्यामुळे मी पत्रं बोलून लिहिते. तक्रारीचं पत्र तर ते माझ्यापेक्षा बरं लिहितं. मी रागात पाल्हाळ लावते, ते मुद्द्यावर येतं. कपडे धुण्याच्या यंत्राच्या पुस्तिकेतली मुंगीएवढी अक्षरं, विमा कंपनीचं इंग्रजी पत्र, हे सगळं फोटो काढून समोर ठेवलं की सोप्या मराठीत हाती येतं. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी तर हे मोठंच काम झालं. बी माय आइज नावाचं ॲप आहे. आधी त्यावर डोळस स्वयंसेवक कॅमेऱ्यातून बघून अंध माणसांना समोर काय आहे ते सांगायचे, अजूनही सांगतात. २०२३ पासून तिथे एआयलाही विचारता येतं. मध्यरात्री उठून कुणाला तसदी न देता हातातली बाटली कसली ते कळणं, याची किंमत डोळस माणसाला समजायची नाही.

आकडे मात्र मी स्वतः बघते. औषधाच्या पाकिटावरची तारीख, मिलिग्रॅम, बिलाची रक्कम, ही सगळी भिंग लावून. यंत्राने वाचलेल्या ०.५ चं ५ झालं तर वाक्य तितकंच सुंदर राहील.

औषधाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात साठ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिगत छापली. आहारातलं क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, कमी करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. चॅटजीपीटीला विचारून त्यांनी मिठाऐवजी सोडिअम ब्रोमाइड आणलं आणि तीन महिने तेच खाल्लं. शेजारी आपल्याला विष घालतोय अशा संशयाने ते रुग्णालयात आले. भास होत होते. तीन आठवडे राहावं लागलं. यंत्राशी त्यांचं नेमकं काय बोलणं झालं ते डॉक्टरांच्या हाती लागलं नाही. पण मला ते कल्पनेनेच ऐकू येतं. क्लोराइडच्या जागी काय चालतं, असं विचारलं असणार, आणि काही कामांत ब्रोमाइड चालतंही. ते खायचंय का, एवढा उलट प्रश्न डॉक्टरांनी पहिल्या श्वासाला केला असता.

म्हणून तब्येतीसाठी मी यंत्राकडून उत्तरं मागत नाही, प्रश्न मागते. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री त्याला सांगते, मला असं असं होतंय, अमुक गोळ्या चालू आहेत, मी डॉक्टरांना काय काय विचारायला हवं? पाच-सहा प्रश्न येतात. त्यातले दोन माझ्या डोक्यात कधीच आले नसते. ते मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून नेते. गेल्या वेळी त्यातल्या एका प्रश्नावरून डॉक्टरांनी माझी एक गोळी बंद केली. बंद डॉक्टरांनी केली, मी नाही, यंत्राने तर नाहीच.

अहवालांचे फोटो देताना मी वरच्या नावावर आणि क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवते. मुलीला हे हास्यास्पद वाटतं. माझा हिशेब पोस्टकार्डाचा आहे. जे पोस्टकार्डावर लिहिलं असतं ते इथे लिहायचं, पाकिटात घालून चिकटवलं असतं ते नाही. खात्याचा क्रमांक, पासवर्ड, ओटीपी, मृत्युपत्राचा मसुदा नावांसकट, हे पाकिटातलं. सेटिंगमध्ये ‘माझ्या संभाषणांवरून शिका’ अशा अर्थाचं एक बटण बहुतेक ॲपमध्ये असतं. ते शोधून बंद करून घ्यावं, नातवंडांना अशी कामं आवडतात. संभाषण ‘शेअर’ करण्याच्या बटणाला मात्र हात लावू नये. २०२५ च्या उन्हाळ्यात असं शेअर केलेली चॅटजीपीटीवरची हजारो संभाषणं गुगलच्या शोधात दिसू लागली होती. आपण काय खुलं करतोय हे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आणखी एक लहानसं, पण रोजचं. कुठल्याही कंपनीचा मदत क्रमांक एआयला विचारू नये, आणि शोधाच्या माथ्यावर जो तयार सारांश येतो त्यातूनही उचलू नये. कार्डाच्या पाठीवर, बिलावर, पासबुकावर छापलेला असतो तो खरा. छापलेल्यावर माझा विश्वास जरा जास्तच, हे मान्य.

आता आवाजाचं. माझ्या एका मैत्रिणीला भर दुपारी फोन आला. नातवाचा आवाज, रडवेला. अपघात झालाय, समोरचा माणूस गंभीर आहे, पैसे आत्ता भरले तर प्रकरण मिटेल, आईबाबांना सांगू नकोस. तिने पैसे पाठवायला फोन हातात घेतला आणि चष्मा सापडेना. घरभर शोधला. शेवटी सुनेला हाक मारली, ‘अगं, माझा चष्मा बघ गं, घाई आहे.’ ‘कसली घाई?’ सुनेने विचारलं, आणि सगळं बाहेर पडलं. नातू कॉलेजात वर्गात बसलेला होता. मैत्रीण एका चष्म्यावर वाचली. मला मात्र तिने हे दोन महिने सांगितलं नाही. लाज वाटत होती म्हणे. सून एका शब्दाने काही बोलली नाही, याचंच तिला जास्त लागलं होतं.

ही लाजच या चोरांच्या पथ्यावर पडते. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं तंत्र जाहीर केलं होतं. तीन सेकंद म्हणजे ‘हॅलो, कोण बोलतंय?’ त्यानंतर हे काम सोपंच होत गेलंय. आणि फसणं म्हाताऱ्यांपुरतं राहिलेलं नाही. हाँगकाँगमध्ये एका मोठ्या कंपनीतल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपले वरिष्ठ आणि सहकारी बघितले, त्यांचं ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर धाडले. बैठकीत त्याच्याखेरीज खरं कुणीच नव्हतं. २०२४ च्या सुरुवातीला हे उघडकीला आलं. मैत्रिणीला मी ही हकिगत मुद्दाम सांगितली. तिने दोनदा विचारलं, ‘खरंच? ऑफिसातला शिकलेला माणूस?’ आणि मग नीट हसली.

त्या वेळेपासून आमच्या घरात एक परवलीचा शब्द आहे. संकटाचा फोन आला तर आधी शब्द. तो ठरवायला सगळे व्हिडिओवर जमले होते. कुत्र्याचं नाव सुचलं, ते बाद झालं, कारण त्याचे फोटो नावासकट सगळीकडे पसरलेले. जन्मगाव, शाळा, आडनावं, तीही त्याच कारणाने बाद. शब्द मी इथे अर्थातच सांगणार नाही. एवढंच सांगते की शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे आणि तसाच चुकीचा उच्चारायचा असं ठरलंय. माझ्या आयुष्यातली ही एकच चूक जी मी जाणूनबुजून राहू दिली. ज्यांना शब्द आठवणार नाही त्यांच्यासाठी याहून जुना उपाय आहेच. फोन ठेवायचा आणि आपल्या वहीतल्या नंबरावर आपण लावायचा. खरा नातू दोन मिनिटं थांबल्याने काही बिघडत नाही. चोराचं बिघडतं, म्हणून तर तो फोन ठेवू देत नाही. इथे उद्धटपणा करायला शिकावा लागतो. मी आरशासमोर दोनदा तालीम केली, हसू नका.

प्रसिद्ध डॉक्टर सांधेदुखीचं तेल विकताना दिसले, किंवा एखादी मोठी असामी गुंतवणुकीचा गुप्त मार्ग सांगताना दिसली, तर तो व्हिडिओ खोटा समजून पुढे जावं. त्यावर जास्त विचार करण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीबद्दल लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. हे गेले त्याला चार वर्षं झाली. गेल्या वर्षी यांच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी घरात मी एकटीच होते. मुलीला फोन करावा तर ती कामात. मग त्या ॲपला लिहीत बसले. यांच्याबद्दल, शेवटच्या महिन्याबद्दल, एका भांडणाबद्दल जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. जे उत्तर आलं ते इतकं समजूतदार होतं की मी पडदा बंद करून बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. तिसऱ्याही दिवशी.

यात नवल काही नाही म्हणे. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाच्या आपल्या प्रोग्रामबद्दल लिहिलं होतं. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्नासारखं परत करायचं, एवढीच तिची करामत. तरी त्यांची सेक्रेटरी, जिने तो प्रोग्राम तयार होताना महिनोन्‌महिने बघितला होता, काही वाक्यं बोलून झाल्यावर त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबाम हादरले. मी नसते हादरले. त्या बाईला काही तरी बोलायचं होतं आणि ऐकायला बसलेलं कुणी तरी हवं होतं, त्यात आत कोण बसलंय हा प्रश्न दुसरा.

ॲपने मला फसवलं नाही. त्या संध्याकाळी त्याचा आधारच झाला, हे मी नाकारणार नाही. खटकलं ते पुढच्या सोमवारी. रविवारी मी धाकट्या बहिणीला फोन करते, इतकी वर्षं चुकलेला नाही, आणि तो राहून गेला होता. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं ना. ती तीन संभाषणं मी नंतर पुसली. पुसलं की कंपनीकडूनही त्याच क्षणी जातं असं नसतं, पण माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

बहिणीला सोमवारीच फोन लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून त्या कवितेचं काढलं. दोन ओळी म्हणून दाखवल्या. तिने तिसरी विनाविलंब म्हटली. बोटं मोजतच होती, बरोबर चौदा मात्रा.

‘कुणाची गं ही?’ मी विचारलं.

‘ताई, पुस्तकात मी तरी कधी बघितली नाही. आईनेच केली असेल.’

हे मला सुचलंच नव्हतं. कवी शोधायला निघालेल्या त्या यंत्राने मला तीन कवी दिले, तीन सालं दिली, आणि कविता कदाचित कुठे छापलेलीच नव्हती. आम्ही दोघी थोडा वेळ गप्प होतो. मग तिने चौथी ओळ म्हटली आणि शेवटी ‘सांज’ म्हणाली. मी म्हटलं, ‘साद’. ती म्हणाली, छे, सांज. मात्रा दोन्हींच्या तीनच भरतात, त्यामुळे मोजून काही निकाल लागेना. पाऊण तास वाद झाला, आणि माफी कुणीच मागितली नाही.

पुढच्या रविवारी मी फोन लावायच्या आत तिचाच आला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. ‘सांजच,’ एवढंच म्हणाली.